पलटणीचा गेलेला गडी

आम्हां भालकीकरांना हैदराबाद जवळचे आणि पुणे लांबचे. तथापि मायबोलीची ओढ अंतर मोजीत नाही. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेस प्रो कबड्डीच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले, तेव्हा देवळाच्या ओसरीवर आम्ही पेढे वाटले. प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकाचे, सबब कन्नड शेजारीही पेढ्यांचे हक्कदार ठरले!

त्या संघाच्या बचावाचा खांब म्हणजे महंमदरेझा शादलुई हा इराणी गडी. २ कोटी ३५ लाखांस घेतलेल्या या गड्याला पलटणने विजयानंतर मोकळे केले आणि ऑगस्टच्या लिलावात हरलेल्या हरियाणानेच त्याला २ कोटी ७ लाखांस उचलले. आम्ही पलटणची बाजू घेऊन भांडलो. थैली पाच कोटींची. निम्मी एकावर रिती केली तर बाकीची फळी राखावी कशी? पुजारीबुवा एवढेच म्हणाले, "उत्सवमूर्ती परगावी धाडून रिकामी पालखी मिरवणार काय?"

बोल आम्हांला झोंबला. कारण जत्रेच्या सामन्यांसाठी गावच्या संघातून जुना पकडीचा गडी बसवून दोन पोरे घ्यावीत, हा सल्ला आमचाच होता. तेव्हापासून तो ओसरीवर येईनासा झाला होता.

२९ डिसेंबर २०२४ रोजी, तेही पुण्यातच, हरियाणाने पाटण्याला ३२–२३ असे हरवून अजिंक्यपद नेले. संघात शादलुई होताच.

दुसऱ्या सकाळी आम्ही त्या गड्याच्या घरी गेलो. तो गोठ्यात होता. "सामना पाहिलात का, काका?" असे त्यानेच विचारले.