मांडवाचा भार आणि ताटाचे मोल

सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणाऱ्या आम्हा मंडळींचे प्रांतिक अधिवेशन वाईस भरवावे असा ठराव झाला आणि स्वागत समितीचे कोषाध्यक्षपद माझ्याकडे आले, तेव्हा अध्यक्ष कोण, उद्घाटक कोण, परिसंवादाचा विषय कोणता, यांचा ऊहापोह समितीत मोठ्या उत्साहाने चालू होता. परंतु अधिवेशनाचे स्वरूप ज्यावर खरोखर ठरणार होते तो प्रश्न, म्हणजे येणाऱ्या प्रतिनिधीकडून किती रुपये घ्यावयाचे हा, विषयपत्रिकेच्या तळाशी ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात पडून होता. तो सर्वप्रथम घ्यावा असा आग्रह मी धरला. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम 1967 साली झाला आणि शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी पुढे रूढ झाली. त्यांतील ‘ड’ वर्गाचे ग्रंथालय म्हणजे बहुधा एखाद्या खेड्यातील एक खोली, पुस्तकांची काही कपाटे, वर्तमानपत्रांचे एक मेज आणि हप्त्यांनी येणाऱ्या अनुदानावर ज्याचे तुटपुंजे मानधन अवलंबून असते असा एकटा ग्रंथपाल. ज्याला वर्षातून एकदा आपल्यासारख्याच चार माणसांत बसून बोलण्याची सर्वाधिक गरज, तोच शुल्काचा आकडा पाहून घरी राहणार असेल, तर ते अधिवेशन कोणाचे, हा माझा प्रश्न होता.

पूर्वीच्या शिरस्त्याप्रमाणे तयार झालेले पहिले अंदाजपत्रक समितीपुढे आले. त्यातील बाबी मी दोन भागांत वेगळ्या केल्या. माणसे शंभर येवोत की चारशे, जो खर्च बदलत नाही, म्हणजे मांडव, व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, विजेची पर्यायी सोय, छपाई, वक्त्यांचा प्रवास व मानधन, तो एका बाजूस. आणि प्रत्येक डोक्यामागे वाढत जाणारा खर्च, म्हणजे भोजन, चहा, अंथरूण-पांघरूण, कागदपत्रे, तो दुसऱ्या बाजूस. पहिल्याची बेरीज 1,80,000 रुपये झाली. दुसरा माणशी 850 रुपये पडला. आणि प्रतिनिधीशुल्क सुचविले होते 600 रुपये. याचा अर्थ असा की येणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीमागे तूट 250 रुपयांनी वाढणार होती. तीनशे माणसे आली तर 2,55,000 रुपये बाहेरून उभे करावयाचे, चारशे आली तर 2,80,000. ज्या सभेला अधिक माणसे यावीत म्हणून आम्ही गावोगाव पत्रे धाडत होतो, तिच्यातच अधिक माणसांचे भय वाटावे अशी ही मांडणी होती, आणि मला ती आर्थिक दृष्ट्याच नव्हे तर तत्त्वतःही अमान्य होती.

शुल्क 1,000 रुपये करावे ही सूचना लगोलग आली. तीत दुष्टपणा काही नव्हता. सूचना करणारे गृहस्थ हिशेबाला चोख होते. पण हिशेबाचा उंबरठा वाढवून मंडळी बाहेर ठेवण्यापेक्षा आतील सामान कमी करणे हा दुसरा मार्ग मी मांडला, आणि त्या वेळी समितीतील एका वयोवृद्ध सभासदाने फैजपूरचे स्मरण करून दिले. 1936 सालचे काँग्रेसचे अधिवेशन खानदेशातील त्या गावी भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बोस यांच्यासारख्या थोर चित्रकाराने तेथील शोभा योजिली ती बांबू आणि परिसरात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून, आणि तिची आठवण अद्याप आदराने काढली जाते. द्रव्याची टंचाई आणि सौंदर्याची उणीव या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या उदाहरणाने जितके स्पष्ट झाले तितके माझ्या कोष्टकांनी झाले नसते.

मग काटछाट सुरू झाली. मैदानावरच्या मांडवाऐवजी शाळेचे सभागृह घ्यावे. शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह यांची लांबण रद्द करून पाहुण्यांना एकेक ग्रंथ द्यावा. छापील पिशव्या गाळाव्यात. निवास लॉजमध्ये न करता शाळेच्या वर्गखोल्यांत आणि नगरवासीयांच्या घरी करावा. जेवणात भाकरी, भरली वांगी, आमटी-भात आणि एकदाच शिरा. वाईत कृष्णाबाईच्या उत्सवात घाटाघाटांवर पंगती उठतात, त्यामुळे वाढपाची सवय असलेली तरुण मुले आणि मोठी पातेली या दोहोंचा गावात दुष्काळ नव्हता. या सर्वांती स्थिर खर्च 1,20,000 रुपयांवर आणि माणशी खर्च नेमका 600 रुपयांवर आला, आणि त्यातून जे सूत्र हाती लागले त्याचे समाधान मला आजही वाटते: प्रतिनिधीने आपल्या ताटाचे मोल द्यावे, मांडवाचा भार गावाने उचलावा. शुल्क आणि माणशी खर्च समसमान झाले की किती माणसे येतील या चिंतेचे कारण उरत नाही; गावातून जमवावयाची रक्कम तीच राहते आणि दारे मोकळ्या मनाने उघडी ठेवता येतात.

तिथीचा विचारही पैशाचाच विचार असतो, हे पुष्कळ संयोजकांच्या ध्यानात येत नाही. तुळशीचे लग्न झाले की मांडववाले, आचारी आणि गाद्या-रजया भाड्याने देणारे यांचे दर चढू लागतात. फाल्गुनाच्या सुमारास शाळा परीक्षांत गुंततात. माघात उत्सवाची धामधूम. पौषात आपल्याकडे लग्ने होत नाहीत. म्हणून आम्ही पौषातील शनिवार-रविवार निवडला, आणि तीन ठिकाणची दरपत्रके मागविली असता प्रत्येकाने लग्नसराईपेक्षा कमी आकडा लिहून दिला.

आचाऱ्याशी करार करताना मात्र मी फार चिकाटीने बसलो. एकंदर इतक्या ताटांची हमी, अशी सरसकट भाषा यजमानाला बुडविते, कारण सर्व पंगती सारख्या नसतात. शनिवारी रात्रीची पंगत सर्वांत भरगच्च. रविवारी दुपारी लांबची मंडळी एस.टी. गाठण्यासाठी लवकर निघतात आणि पाने रिकामी राहतात. सबब हमी पंगतवार लिहून घेतली, ती नोंदणीपेक्षा बेताने कमी ठेवली, आणि हमीवर जास्त ताटे लागल्यास त्यांचा दर तोच राहील असे कलम घातले. अन्न वाया जाणे हा मला खर्चापेक्षा मोठा दोष वाटतो.

उपसमित्यांना तसलमात देण्याचा नियम असा ठेविला की पहिल्या रकमेचा हिशेब पावत्यांसह दफ्तरी दाखल झाल्यावाचून दुसरी रक्कम मिळणार नाही, आणि खर्चाला मंजुरी देणारा व पैसे चुकते करणारा या दोन व्यक्ती भिन्न असतील. रोजकीर्द रात्री मिटल्याशिवाय कोणी घरी जात नसे. काही स्नेह्यांना हा अविश्वास वाटला. तो अविश्वास नव्हता. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या सज्जनाचे रक्षण कागदच करतो, ही माझी दृढ श्रद्धा आहे.

स्थिर खर्चाच्या दहा टक्के, म्हणजे 12,000 रुपये, ‘अकल्पित’ या सदराखाली तोडून ठेवले होते. नाव नसलेल्या खर्चाला तरतूद कशाला, अशी हरकत निघाली. 1885 साली काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन पुण्यास भरावयाचे ठरले असता पटकीची साथ उद्भवली आणि ऐन वेळी ते मुंबईस, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. तेथे 72 प्रतिनिधी जमले आणि पुढचा इतिहास घडला. एवढे सांगितल्यावर हरकत मागे घेतली गेली. आमच्यावरचे संकट त्यामानाने क्षुद्र, पण खरे होते. शनिवारी सायंकाळपासून कृष्णाकाठी थंडीचा असा कडाका पडला की वर्गखोल्यांच्या फरशीवर एक रजई कोणालाच पुरेना. रात्री नऊ वाजता समितीची परवानगी गोळा करीत बसण्याचे प्रयोजन उरले नव्हते. ‘अकल्पित’मधून आणखी रजया आणि पहाटेच्या स्नानाच्या पाण्यासाठी लाकूडफाटा आला, आणि रविवारच्या पहिल्या सत्राला सभागृह भरलेले होते.

गावातून रक्कम जमविताना एका देणगीदाराने व्यासपीठामागे आपल्या पेढीचा फलक लावण्याची अट घातली. ती मान्य केली असती तर एका सहीने निम्मा भार हलका झाला असता. आम्ही नम्रपणे नकार दिला आणि सर्व देणगीदारांची नावे स्मरणिकेत वर्णानुक्रमे, एकाच आकाराच्या अक्षरांत छापली. पन्नास रुपये देणारी निवृत्त शिक्षिका आणि हजारो देणारा व्यापारी एकाच स्तंभात आले. भार वाटला गेला, म्हणूनच तो पेलला.

समारोपानंतर जमाखर्च बाबवार मांडून, अंदाज एका रकान्यात आणि प्रत्यक्ष खर्च त्याशेजारी, लेखापरीक्षकाच्या सहीनिशी प्रत्येक प्रतिनिधीला टपालाने पाठविला. ‘अकल्पित’मधील शिल्लक आणि दरपत्रकांच्या नकला पुढील यजमान गावाच्या समितीकडे सुपूर्द केल्या. तेथील कोषाध्यक्ष आमची कीर्द पाहण्यासाठी मुद्दाम वाईस येऊन गेले, आणि त्यांनी काढलेल्या पहिल्या परिपत्रकात प्रतिनिधीशुल्क माणशी खर्चाइतकेच ठेवले होते.