मामांची फियाट आणि पन्हाळ्याचे वळण

कोल्हापूरपासून पन्हाळा अवघा वीस किलोमीटर. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडावी, केर्ली मागे टाकावी आणि वाघबीळ आले की अंगावर स्वेटर चढवावा, असा आमच्या घरचा रिवाज. वाऱ्याला इथे दिशा नाही, तो सगळीकडूनच येतो. धुके तर घरच्यासारखे बिनदिक्कत माजघरात शिरते. मुंबईच्या उकाड्यातून महालक्ष्मी एक्स्प्रेसने आलेल्या माणसाला हा स्वर्ग वाटतो. पण पत्र्याच्या मोटारीला मात्र तो मुळीच मानवत नाही. हे ज्ञान मला फार महागात पडले, त्याचीच ही हकीगत.

माझे मामा गडावर शाळामास्तर होते. 1978 साली त्यांनी जुनी फियाट विकत घेतली, तेव्हा साऱ्या आळीने तिला हळदकुंकू वाहिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही मोटार. इंजिन चार सिलिंडरचे, 1089 सी. सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. 2009 साली मामा गेले आणि गाडी परसातल्या छपराखाली उभी राहिली ती राहिलीच. अकरा पावसाळे तिने तिथे काढले.

2020 च्या दिवाळीत मी गेलो तेव्हा मामेभाऊ म्हणाला, “भंगारवाला आठ हजार देतोय. देऊन टाकतो.”

मामी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “द्यायची तर दे. पण ती गड उतरेल ती आपल्या चाकांवर. टेंपोत घालून नाही न्यायची.”

झाले! आमचा दादा मुळात हट्टी. त्याने हे आव्हानच मानले. दुरुस्त केली तर चांगले गिऱ्हाईक मिळेल, असा त्याचा हिशेब. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी तसा शब्दही दिला होता. दादाच्या मुलाच्या खोलीत अमेरिकन मस्टँगचे चित्र लावलेले आहे. 1964 साली निघालेली ती मोटार, पुढे तिच्यात पावणेपाच लिटरचे आठ सिलिंडरी इंजिनही बसले. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात, म्हणजे आपल्या गंगावेशीच्या तालमीतला पैलवानच म्हणा ना! त्या पैलवानापुढे आमची फियाट म्हणजे वरणभातावर वाढलेला शाळामास्तर. पण मास्तरही चिवट असतात.

उद्यमनगरातून एक वयस्क मेस्त्री आले. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर म्हणजे लोखंडाचे पंढरपूर. शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिने करता करता तिथले हात असे तयार झाले, की पुस्तक न वाचता सुटा भाग कातून देतात. मेस्त्रींनी बॉनेट उघडले, हँडल घालून पाहिले आणि म्हणाले, “इंजान जाम हाय. पर मेलं न्हाई.” त्यांनी प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतले आणि सांगितले, “आठ दिस हात लावू नका.” नवव्या दिवशी हँडल बोटभर फिरले, तेव्हा दादाने मला डोंबिवलीला रात्री अकराला फोन केला होता!

मग फणसाच्या फांदीला साखळी-कप्पी बांधून इंजिन उतरवले. खाली जाऊन त्याचे बोअर झाले, नवी पिस्टन आली. पेट्रोलच्या टाकीत काकवीसारखा राळ निघाला. वायरिंग उंदरांनी फस्त केले होते. पायाखालचा पत्रा तर इतका कुजला होता, की दादाचा पाय त्यातून थेट जमिनीला लागला. तो सगळा कापून नवा पत्रा जोडला.

मी मधून मधून जाई आणि कामात अडथळा आणण्याचे काम चोख करी. 2021 च्या जूनमध्ये मला रंगाची घाई झाली. मेस्त्री नको म्हणत असताना मी दादाला भरीला घातले आणि बॉनेट रंगवून घेतले. सकाळी पाहतो तो त्यावर दुधाची साय धरावी तसा पांढरा थर! दमट हवेत हा रंग वाळताना त्यावर बाष्प बसते आणि तो असा मळकट होतो. पन्हाळ्यात पावसाळ्यात मोटार रंगवणे म्हणजे पावसात पापड वाळत घालणे. सगळे घासून पुन्हा सुरुवात.

त्यातच त्या जुलैत अतिवृष्टीने गडाचा मुख्य रस्ता खचला. इंजिन खाली उद्यमनगरात, गाडी वर परसात आणि मधला रस्ता दरीत. कित्येक महिने काम थांबले.

असा रिकामा वेळ मिळाला, की मी गडावर भटकत असे. बाराव्या शतकात शिलाहार राजा भोजाने बांधलेला हा गड. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांत शिरले की भर दुपारी अंगाला गारवा लागतो. तीन दरवाजावरची नक्षी पाहावी, जवळच झुणका-भाकर आणि दही खावे, सज्जा कोठीच्या गवाक्षातून खालचे खोरे न्याहाळावे. याच गडावर 1729 साली मोरोपंत जन्मले. 1660 च्या जुलैतल्या पावसाळी रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निसटले. पुढे 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत पन्हाळाही आहे. इतके ऊनपाऊस सोसून दगड उभे आहेत, मग चार चाकांची काय कथा, अशी मी मनाची समजूत घाली.

रस्ता झाला, इंजिन वर आले, हिवाळ्यातल्या कोरड्या उन्हात रंगही झाला. दादाचा सगळा जीव मात्र रेडिएटरमध्ये. कारण घरात सर्वांना ठाऊक होते, की फियाट घाट चढताना एका ठरावीक वळणावर हटकून तापायची. मामा गाडी थांबवायचे, बॉनेट उघडून ठेवायचे आणि पंधरा मिनिटांनी पुढे निघायचे. दादाने रेडिएटरची नवी जाळी घातली, पाण्याचा पंप बदलला. मेस्त्री म्हणाले, “जुन्या जाळीत तर कचरा कायच नव्हता!” पण दादाने ऐकले नाही.

2022 च्या दसऱ्याला गाडी गड उतरली. उतरणे चढण्याहून अवघड. नवे ब्रेक असूनही दादाने दुसरा गिअर सोडला नाही. मामी मागच्या सीटवर, नऊवारीत, हातात आपट्याची पाने. कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची जुनी जर्मन मेबॅक मोटार पाहिली. लोक तिचे फोटो घेत होते. दोघे-चौघे आमच्या फियाटशेजारीही उभे राहिले. दादा फेट्यातल्या नवरदेवासारखा ताठ!

परतताना घाट लागला. आम्ही दोघे तापमानाच्या काट्यावर डोळे लावून बसलो. ते वळण आले. काटा जागचा हलेना. दादाने विजयाने माझ्याकडे पाहिले आणि गाडी पुढे काढली.

“अरे, थांब,” मागून मामी म्हणाल्या. “इथे थांबायचे असते.”

“आई, तापली नाही ती.”

“तेव्हा तरी कुठे तापायची?”

दादाने गाडी कडेला घेतली. मामी उतरल्या. खाली खोऱ्यात संध्याकाळ उतरत होती, ऊस हिरवागार, दूरवर दिवे लागत होते. त्या हळूच म्हणाल्या, “घरात चौदा माणसे. सासूबाईंच्या देखत दोघांनी शब्द बोलायची सोय नव्हती. बाजाराहून येताना ही पंधरा मिनिटे आमची. सासूबाईंना सांगायचे, गाडी तापली म्हणून.”

दादा बराच वेळ दरीकडे पाहत उभा होता. मग त्याने मुकाट्याने बॉनेट उघडून ठेवले. आम्ही पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास थांबलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गृहस्थांचा फोन आला. गाडी तयार झाली का, त्यांनी विचारले. दादाने एकदा आत स्वयंपाकघराकडे पाहिले आणि म्हणाला, “नाही हो, अजून नाही. घाटात तापते.”