समुद्राकाठची जुनी मोटार

कसालहून मालवणला निघाले की कट्टा, चौके, कुंभारमाठ ही गावे मागे पडतात. पुढे उतार लागतो आणि वाऱ्याला खारा वास येतो.

वाचकहो, याच उतारावर एकदा माझ्या मोटारीचा ब्रेक एकदम तळाला गेला. घरची मंडळी गाडीत होती. दुसरा गिअर टाकला, हातब्रेक ओढला आणि चिऱ्यांच्या गडग्याला घासून गाडी थांबवली. दैवाने कोणाला लागले नाही.

गाडी वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी. या गाड्या पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत. मुंबईच्या टॅक्सींतूनही त्या २०२३ साली गेल्या. मेस्त्रीने गाडीखाली शिरून ब्रेकची नळी दाखवली. तांबडी माती खरवडताच गंजाचा पापुद्रा निघाला. तो म्हणाला, "सायबानू, गाडी चलान झिजाक नाय, उभी रवान कुसली."

बोल खरा होता. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि ओल्या मिठाने लोखंड लवकर गंजते. बोर्डो मिश्रण फवारल्यावर पंप धुऊन ठेवा, असे मी गावोगाव सांगत आलो. स्वतःची मोटार मात्र खालून कधी धुतली नव्हती!

तारकर्ली-देवबागच्या वाळूतून आलात, की त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा. दारांच्या तळाची बारीक छिद्रे काडीने मोकळी करा, नाहीतर पाणी आत साचून पत्रा कुजतो. पावसाळ्यात ओल्या गाडीवर प्लास्टिक आवळू नका. वारा खेळेल अशा छपराखाली ठेवा. बरेच दिवस उभी राहणार असेल तर हातब्रेक ओढून ठेवू नका, तो चिकटतो. गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलिन चोपडा. ब्रेकचे तेल ओलावा शोषते. ते दोन वर्षांनी बदला आणि त्याच वेळी नळ्या तपासून घ्या. आठवड्यातून एकदा गाडी चार-पाच मैल फिरवून आणा.

गोठ्यातल्या बैलाला आपण बसून असला तरी रोज हात लावून पाहतो. चतुर्थीला मुले-नातवंडे जिच्यात बसणार, त्या मोटारीखाली आधी एकदा वाकून पाहा.