ट्यूब उशिरा पेटली

सुरुवातीलाच कबूल करतो, मी कॉन्व्हेंटचा. माझ्यासाठी मराठी म्हणजे दहावीपर्यंतचा शंभर मार्कांचा पेपर आणि घरी आईशी भांडायची भाषा. त्यामुळे मॅगझिनवाले रूमवर येऊन "मराठी सेक्शनला पानं कमी पडतायत, काहीतरी दे रे" म्हणाले तेव्हा मी हसलो. मग वाटलं, एक गोष्ट आहे जी कुणाला तरी सांगायचीच आहे, आणि ती घडली मराठीतच. फक्त घडली न्यू जर्सीत. शुद्धलेखनाला एडिटर जबाबदार!

झालं असं की, गेल्या सुट्टीत आजीला मामाकडे जायचं होतं. तिला एकटीला विमानात कसं बसवायचं? म्हणून सोबत मी. फुकट अमेरिका! तिथे गेल्यावर मात्र पहिल्याच रात्री मामाने मला न्यूयॉर्क वगैरे सोडून सरळ बेसमेंटमध्ये नेलं. तिथे त्याची खऱ्या पाण्याची, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी होती. चार फूट लांब, ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८४ लिटर. आत दोन क्लाउनफिश आणि बाकी सगळं प्रवाळ. हिरवं, जांभळं, पाण्याबरोबर डुलणारं. मी तर बघतच राहिलो.

आपल्याकडे घरोघरी असं दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दगडी प्रवाळाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या शेजारी, जागा आहे. तोडणं, विकणं गुन्हा. मामा मूळचा मालवणचा. तो म्हणाला, "लहानपणी ज्या पाण्यात डुंबलो त्याच्या तळाशी प्रवाळ आहे, हे मला इथे येऊन कळलं बघ!"

टाकी मामाची, पण त्यातलं एक प्रवाळ मामीचं. त्याचं नाव टॉर्च कोरल. लांब लांब बोटांसारखे तंतू आणि प्रत्येकाच्या टोकाला चमकणारा ठिपका. मामी त्याला 'समई' म्हणायची. चार वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने आपल्या टाकीतला तुकडा तोडून दिला होता, तेव्हा त्याला एकच तोंड होतं. आता पाच झाली होती. मामी रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली यायची, पाच मिनिटं समईसमोर उभी राहायची आणि मग ऑफिसला जायची.

टाकीवर टी-फाइव्हच्या सहा ट्यूब होत्या, प्रत्येकी ५४ वॅट. म्हणजे ३२४ वॅट, रोज दहा तास. शिवाय या ट्यूब पेटत राहिल्या तरी त्यांचा उजेड उतरत जातो, म्हणून मामा दरवर्षी सहाही बदलायचा. तो वैतागला होता. म्हणाला, "भाचेबुवा, तू इलेक्ट्रिकलचा ना? मग नवीन लाइट तूच निवड."

माझी कॉलर टाइट! तीन दिवस बसून एक्सेल शीट केली. मेटल हॅलाइडचा उजेड सूर्यासारखा, पाण्यात मस्त लहरी पडतात, पण एकेक दिवा २५० वॅटचा आणि पाणी तापलं की थंड करायला आणखी वेगळं मशीन. टी-फाइव्हचा उजेड सगळीकडे सारखा, सावल्या कमी, पण ट्यूबचा खर्च. एलईडीचा रंग हवा तसा बदलता येतो, पण उजेड एका जागेतून येतो म्हणून खाली कुठे जास्त, कुठे सावली. म्हणून मी चार फुटांसाठी एकाऐवजी दोन फिक्श्चर सुचवली, निळ्या एलईडी जास्त असलेली. निळ्याच का? तर समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा खोल जातो. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्या निळ्या उजेडावरच अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. हिशोब केला तर साधारण १५० वॅटमध्ये काम होत होतं. रोजचे ३.२४ युनिट जाऊन दीड युनिट! मामा खूश, मी तर हवेत.

निवड चुकली नव्हती, हे आधीच सांगतो. चुकलं पुढे.

सोमवारी संध्याकाळी लाइट लावले. मामाने सेटिंग ३५ टक्क्यांवर ठेवलं आणि म्हणाला, "आता दोन महिने हळूहळू वाढवायचं." दुसऱ्या दिवशी दोघंही ऑफिसला. मी घरी, आजी झोपलेली. मला टाकी अंधारी वाटली. आपण इंजिनिअर, अंदाजावर कशाला चालायचं? मोबाइलवर लक्स मीटरचं अ‍ॅप घेतलं. जुन्या ट्यूबचं रीडिंग मी आधीच लिहून ठेवलं होतं. नव्या लाइटचं त्याच्या एक चतुर्थांशही येईना! मी सेटिंग वाढवत नेलं. ९० टक्क्यांना रीडिंग जुन्याइतकं झालं. मामाला सरप्राइज देऊ म्हणून बोललो नाही. टाकी अशी काही झगमगली की रात्री मामासुद्धा म्हणाला, "काय दिसतंय रे!"

बुधवारी सकाळी मामीने विचारलं, "आज समई अशी मिटून का बसलीय?" मी म्हटलं, "नवीन लाइट आहे मामी, होईल सवय."

गुरुवारी ती आणखी आक्रसली. मामाला वाटलं पाणी बिघडलं. टेस्ट किट काढून तो तासभर थेंब मोजत बसला. सगळं ठीक. शुक्रवारी रात्री अकरा वाजता, दिवसभर राबून आलेला असताना, त्याने पंधरा गॅलन पाणी बदललं. बादल्या मी धरत होतो. तो सारखा म्हणत होता, "माझंच काहीतरी चुकलं असणार." एव्हाना माझ्या पोटात गोळा आला होता. कारण मला संशय येऊ लागला होता. तरी मी गप्प. ज्या भाच्याने एक्सेल शीट दाखवून भाव खाल्ला, त्याने तोंड कसं उघडायचं?

त्या रात्री झोप आली नाही. उठून लॅपटॉपवर सेकंड इयरच्या नोट्स उघडल्या. इल्युमिनेशनचं चॅप्टर. त्यात एक कर्व्ह आहे, डोळ्याच्या संवेदनेचा. पेपरला कधी येत नाही म्हणून आपण सगळेच तो सोडतो. माणसाच्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरचा हिरवा-पिवळा उजेड सगळ्यात जास्त दिसतो. ४५० च्या निळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के. आणि लक्स हे माप त्याच कर्व्हवर बेतलेलं आहे. म्हणजे लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप! पुस्तक वाचायला, ऑपरेशन करायला, हॉस्टेलच्या कॉरिडॉरला ठीक. प्रवाळाला त्याच्याशी काय घेणं? त्याच्यासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजायचे असतात, त्याला पार म्हणतात. मी निळ्या लाइटचं लक्स जुन्या पांढऱ्याइतकं आणलं, म्हणजे फोटॉन कितीतरी पट केले. तीन वाजता माझी ट्यूब पेटली. टी-फाइव्ह नव्हे, डोक्यातली.

शनिवारी सकाळी चहाच्या टेबलावर सांगून टाकलं. सगळं, अगदी लपवल्याचंसुद्धा. मामा क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "मेल्या, आधी सांगूक काय झाला होता तुका?" मामी काही बोलली नाही. कप ठेवून खाली गेली.

मामाने क्लबमधल्या मित्राकडून पार मीटर उसना आणला. समईच्या जागी ३४० आलं. जुन्या ट्यूब परत टांगून बघितल्या, तर ११०. तिप्पट उजेड! जास्त उजेडात आतल्या शेवाळाचं काम हाताबाहेर जातं, विषारी ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ ते शेवाळच बाहेर टाकतं. मग रंग जातो, अंग काचेसारखं होतं, खालचा पांढरा सांगाडा दिसतो. तापलेल्या समुद्रात लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं. मी ते बेसमेंटमध्ये करून दाखवलं.

लाइट खाली आणले. मामी रोज रात्री पिपेटने प्रत्येक तोंडाला कोळंबीचा बारीक खाऊ भरवायची. मी टॉर्च धरायचो. पाचपैकी तीन तोंडं गेली. तिसरं गेलं त्या रात्री मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "मीटर बघितलास ना? तिच्याकडे बघायचं होतंस. बुधवारी ती सांगत होती." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आता मी परत आपल्या हॉस्टेलवर, डासांच्या सोबतीला. दिवाळीला मामीने फोटो पाठवला. उरलेल्या दोन तोंडांना रंग आलाय, आणि एकाच्या बुडाशी वाटाण्याएवढं नवीन तोंड फुटलंय. सेटिंग अजून ४० च्या खालीच आहे. मामा वाढवायचं म्हणतो, पण आधी मामीला विचारतो.

मित्रांनो, उपदेश करायची माझी लायकी नाही. पण दोन गोष्टी लिहून ठेवतो. एक, हातातलं मीटर कोणाच्या डोळ्याने बघतंय ते आधी बघा. आणि दुसरं, चूक झाली तर त्याच संध्याकाळी सांगा. मंगळवारी नाही, तर निदान बुधवारी सांगितलं असतं, तर कदाचित पाचही तोंडं राहिली असती. आणि मामाला रात्री अकरा वाजता बादल्या उचलाव्या लागल्या नसत्या.

त्या कर्व्हवर प्रश्न आला तर मी आता दहापैकी दहा मार्क घेईन. पण तो पेपरला येत नाही.