डोळे मिटल्यावर गुडघा कुठे असतो

खेळाडूंचे दुखावलेले घोटे-गुडघे तपासणं हे माझं रोजचं काम. त्यातली एक चाचणी नेहमीची: डोळे बांधायचे, गुडघा 45 अंशांपर्यंत वाकवून काही क्षण धरायचा, सरळ करायचा आणि म्हणायचं, 'आता तू स्वतः तेवढाच वाकव.' चूक बहुधा थोड्याच अंशांची निघते. पण त्या आकड्यावरून 'याला अंगाची जाण चांगली, त्याला कमी' असा शिक्का मारणं मला अजिबात पटत नाही. अशी एकच, सगळ्या अंगाला पुरणारी जाण खेळाडूत नसते. ती सांध्यागणिक आणि खेळागणिक वेगळी असते, असं माझं ठाम मत आहे.

त्याचं मूळ शरीररचनेत आहे. सांध्याची खबर मुख्यतः सांध्याच्या आवरणातून मिळते, असं एके काळी मानत. 1972 साली गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी दंडाच्या स्नायूच्या कंडरेला कंपनं दिली, तेव्हा कोपर होतं त्याहून जास्त सरळ असल्याचा भास लोकांना झाला. स्नायूत दडलेले, ताण टिपणारे तंतू ही खबर देतात, हे त्यातून पुढे आलं. आता स्नायू तर खेळच घडवतो. पोहणाऱ्याचा घोटा पाण्यात सैल सुटलेला, फुटबॉलपटूचा घोटा खडबडीत मैदानावर क्षणोक्षणी सावरणारा. दोघांना एकाच मापाने कसं मोजणार? दोरीच्या मल्लखांबावर पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोरी पकडून उलटं लटकणाऱ्याला कंबर, खांदा, घोटा यांचा मेळ न बघता साधावा लागतो. प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यात दोरीच्या आणि लाकडाच्या स्पर्शाचा मोठा वाटा आहे, हे मान्य. पण तीच मुलं माझ्या गुडघ्याच्या चाचणीतही सगळ्यांना मागे टाकतील, असं मी म्हणणार नाही.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की ही जाण उपजतच असते, खेळ ती घडवत नाही. जिया हान आणि सहकाऱ्यांनी पाच खेळांतल्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंची तुलना केली, तेव्हा खेळाडूने गाठलेल्या पातळीशी जाणिवेचा संबंध दिसला, सरावाच्या वर्षांशी मात्र दिसला नाही. आक्षेप खोटा नाही. तरी त्यातले सगळेच मुरलेले खेळाडू होते. तिथे आणखी दोन-चार वर्षांनी काय फरक पडावा? शिवाय तो संबंधही सगळ्या सांध्यांत सारखा नव्हता, घोटा, खांदा आणि कणा यांत तो ठळक होता. उपजत देणगी मोठी असेलही, पण ती सगळ्या सांध्यांत सारखी वाटलेली नाही.

दुसरा आक्षेप प्रशिक्षकांचा: 'डुगडुगत्या फळीवर उभं केलं की घोटे सुधारतात, मग एवढी चिकित्सा कशाला?' नेदरलँड्समधल्या व्हॉलीबॉलपटूंवर 2001-02 च्या हंगामात हाच उपाय करून पाहिला गेला. घोटे मुरगळणं कमी झालं, पण फायदा झाला तो आधी घोटा मुरगळलेल्यांना; ज्यांच्या गुडघ्याला पूर्वी दुखापत झाली होती, त्यांच्यात अतिताणाची गुडघेदुखी उलट वाढली. म्हणून कुणालाही फळीवर चढवण्याआधी मी जुन्या गुडघेदुखीची चौकशी करते, आणि कबड्डीपटूचा घोटा पडून नव्हे, तर उभ्याने, अंगावर भार असताना आणि दमल्यावर तपासते.