तुळशीचे भाऊबंद

भाद्रपदात सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर गेलेल्या मनुष्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘याचे नाव काय?’ हा. प्रश्न साधा आहे. परंतु तो विचारणाऱ्याला फार दूर नेत नाही. कोणी जाणता सोबती सांगतो, ‘ही सोनकी, हा तेरडा, ही आभाळी.’ नवखा मोठ्या उत्साहाने ती नावे वहीत उतरवून घेतो. विसावे नाव लिहीपर्यंत पहिली दहा विसरलेली असतात. महाराष्ट्रात फुले येणाऱ्या वनस्पतींच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांची नावे एकेक करून पाठ करावयाची ठरवली, तर उमेद खचावी यात नवल नाही. पुष्कळ हौशी निरीक्षकांची वही पहिल्या पावसाळ्यानंतर मिटते, ती याच कारणाने.

म्हणून अनुभवी वाटाड्या नाव सांगण्याची घाई करीत नाही. तो उलट विचारतो, ‘हे कोणाच्या घरचे असेल?’ खेड्यात नवा मुलगा दिसला की पारावरची वृद्ध मंडळीही ‘कोणाचा रे तू?’ असेच आधी विचारतात. घराणे कळले की निम्मी ओळख पटते. वनस्पतींच्या अशा घराण्याला शास्त्रात कुल म्हणतात. जगात सपुष्प वनस्पतींच्या जाती सुमारे तीन लाख. परंतु २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात त्यांची कुले मोजून ४१६ आहेत. त्यांतली पंधरा-वीस नीट ओळखू येऊ लागली, तरी रानातल्या कितीतरी झाडाझुडपांचे परकेपण जाते.

आरंभ अंगणातूनच करावा. तुळशीची कोवळी काडी चिमटीत धरून हलकेच फिरवली, तर ती गोल नसून चौकोनी आहे, हे डोळ्यांआधी बोटांना कळते. पाने समोरासमोर, जोडीजोडीने येतात. आणि एक जोडी पूर्व-पश्चिम असली, तर तिच्या वरची दक्षिणोत्तर असते. पान चुरडले की गंध येतो. मंजिरीवरील इवलेसे फूल भिंगाखाली धरले, तर त्याच्या पाकळ्या मिळून वरचा व खालचा असे दोन ओठ झालेले दिसतात. फूल गळून गेल्यावर हिरवी वाटी मागे राहते आणि तिच्या तळाशी चार बारीक दाणे असतात. या चार-पाच खुणा मनात ठेवून बाहेर पडावे. सब्जा, पुदिना, पानओवा हे तर ओळखीचेच. पण पडीक जमिनीवर माणसाच्या उंचीची वाढलेली, एकावर एक काटेरी गेंद व त्यांत नारिंगी फुले मिरवणारी दीपमाळसुद्धा त्याच घरची निघते. (देवळापुढील दीपमाळेवरून तिला हे नाव देणारा मनुष्य खचित रसिक असला पाहिजे.) शेताच्या बांधावरील पांढऱ्या फुलांचा तुंबा हाही तुळशीचाच भाऊबंद.

आणि साग? ताटाएवढ्या पानांचा, ज्याच्या लाकडाची दारे व जहाजे होतात तो साग तुळशीच्या कुलातला आहे, असे सांगितले तर नवखा हसतो. त्याला सागाच्या रोपट्यापाशी न्यावे आणि कोवळ्या फांदीवरून बोटे फिरवावयास सांगावे. तेथेही त्या चार धारा आहेत. पानेही समोरासमोर आहेत. सागाच्या फुलाला मात्र दोन ओठ नसतात. म्हणूनच जुन्या शास्त्रज्ञांनी त्याला घाणेरीच्या कुलात बसवले होते. थिओडोर कुक या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्रमुखाने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर जो थोर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही साग तेथेच आहे. पुढे झाडांची अंतर्रचना आणि आनुवंशिक द्रव्य यांची बारकाईने तुलना झाली, तेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरीस साग आणि त्याच्यासोबत निर्गुडी यांना तुळशीच्या घरी आणण्यात आले. बोटांना जे कळत होते, त्याला अशी उशिरा साक्ष मिळाली.

तरीही केवळ एका खुणेवर विसंबणे धोक्याचे असते. अडुळशाच्या कुलातही पाने समोरासमोर येतात, पुष्कळदा फुलाला दोन ओठ असतात व काही जातींची खोडे चौकोनी असतात. फरक फळात आहे. तुळशीच्या घरी वाटीत चार दाणे. अडुळशाच्या घरी बोंड वाळून उभे चिरते आणि बिया गोफणीतून सुटल्यासारख्या दूर फेकल्या जातात. चिकाचेही तसेच. फांदी मोडली की वडातून पांढरा चीक येतो आणि रुईतूनही येतो. पण दोघांची कुले निराळी. वडाची पाने एकाआड एक, रुईची समोरासमोर. न्यायालयात जसा एका साक्षीदारावर निकाल देत नाहीत, तसेच येथेही निदान तीन साक्षी जुळल्या पाहिजेत.

एकाच खुणेवर भिस्त ठेवली म्हणजे थोर विद्वानांचीही कशी गल्लत होते, याचे उदाहरण इतिहासातच आहे. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दोन पदांची नावे देऊन जगावर मोठे उपकार केले. परंतु वर्ग पाडताना त्याने मुख्यतः फुलातील केसर मोजले. बागेतल्या लाल साल्व्हियाला केसर दोन आणि पुदिन्याला चार, म्हणून ही सख्खी भावंडे दोन वेगळ्या वर्गांत गेली. १७८९ साली पॅरिसच्या ज्यूस्यूने अनेक खुणा एकत्र तोलून झाडांची कुले मांडली, तेव्हा ती पुन्हा एका घरी आली.

लोकांनी ठेवलेली नावे गोड असतात, पण त्यांवरून कुल ठरवता येत नाही. गाजरगवत हे याचे चांगले उदाहरण होय. पुणे परिसरातून त्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. नंतर ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. त्याची पाने गाजरासारखी चिरलेली असली, तरी ते गाजराच्या कुलातले नाही आणि गवत तर मुळीच नाही. त्याचे एक पांढरे ‘फूल’ भिंगाखाली ठेवावे. ते एक फूल नसून अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ आहे, व कडेला पाच जणी पाकळीसारखे टोक काढून बसल्या आहेत, असे दिसते. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि पठारावरची ती सोनकी यांचीही रीत हीच. गाजराचे खरे गणगोत म्हणजे कोथिंबीर, जिरे, ओवा आणि बडीशेप. छत्रीच्या काड्यांप्रमाणे एका बिंदूतून निघणारे फुलांचे देठ ही त्यांची खूण.

मात्र याच घरात एक भयंकर आप्त आहे. इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्सच्या लोकांनी सॉक्रेटिसला ज्या हेमलॉकचे विष पाजले, ते कोथिंबिरीच्याच कुलातले. वांगे, टोमॅटो व मिरची यांच्या घरी जीवघेणा धोतरा आहे. रुईच्या नात्यातल्या पिवळ्या कण्हेरीच्या बिया प्राण घेऊ शकतात. तेव्हा कुल ओळखू आले म्हणजे भाजी ओळखू आली, असे समजून कोणीही रानातले पान तोंडात घालू नये. वाटाड्याने ही गोष्ट पहिल्याच दिवशी, आणि थोड्या कठोर स्वरात सांगितलेली बरी. भाजी कोणती हे त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनाच विचारावे.

रुईचाच एक नातलग मोठा नाजूक आहे. कंदीलपुष्प नावाची ही वनस्पती सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर पावसाळ्यात डोके वर काढते. तिच्या फुलाचा आकार कंदिलासारखा. आत उतरलेली चिमुकली माशी खाली वळलेल्या केसांमुळे अडकते, आणि केस सुकले की परागांचे गाठोडे घेऊन सुटते. हिच्या काही जाती जगात केवळ याच डोंगरांत आढळतात. कंद खाण्याजोगे असल्याने लोक ते उकरतात. त्यात हौशी मंडळींनी नमुन्यासाठी फुले खुडली तर काय उरावे? म्हणून चांगला वाटाड्या फुलाला खाली वाकवीत नाही. तो स्वतः चिखलात गुडघे टेकतो, भिंग डोळ्याशी नेतो आणि मग इतरांना तसे करावयास सांगतो.

आता छायाचित्र घेताच वनस्पतीचे नाव सुचवणारी साधनेही भ्रमणध्वनीत आली आहेत. ती उपयोगी आहेत, पण कधी चुकतातही. चूक ओळखावयाची तर पुन्हा कुलाचाच आधार लागतो. कारण छायाचित्राला काडी चिमटीत धरून फिरवता येत नाही. सुचवलेले नाव तुळशीच्या कुलातले आणि हाताखालचे खोड मात्र गोल, पाने एकाआड एक, असे दिसले तर नवख्यालाही शंका घेता येते.

अशा निरीक्षकाच्या वहीतील नोंद मग निराळी दिसू लागते. नावाची जागा तो मोकळी सोडतो आणि लिहितो : ‘खोड चौकोनी, पाने समोरासमोर, फूल जांभळे व दोन ओठांचे, वाटीत चार दाणे, खडकाच्या फटीत. कुल तुळशीचे.’ घरी आल्यावर कुकचा ग्रंथ उघडला, की त्याला सगळी पाने चाळावी लागत नाहीत. त्या एका कुलाचे प्रकरण पुरते. तेथेही उलगडा झाला नाही, तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे १९५५ साली स्थापन झालेले पश्चिम विभागीय केंद्र आहे. तेथील वाळवून जपलेले नमुनेही कुलवारच लावलेले असतात. नाव शेवटी येते. कधी त्याच संध्याकाळी, तर कधी पुढच्या वर्षी, त्याच खडकापाशी फळ धरलेले पाहिल्यावर.