उतरती भाजणी

मनुष्याने सायकलीवरून स्कूटरवर, स्कूटरवरून मोटारसायकलीवर आणि मोटारसायकलीवरून मोटारीत जावे, हा संसाराचा चढता क्रम सर्वमान्य आहे. या जिन्याच्या कोणत्याही पायरीवर "का चढलात?" असे कोणी विचारीत नाही; पेढे मात्र मागतात. परंतु एखादा गृहस्थ एक पायरी खाली उतरला, की जो तो त्याला कारण विचारू लागतो. २०२५ च्या दसऱ्यापासून या एका प्रश्नाची उत्तरे देण्यात आमचा बराच काळ गेला आहे.

घडले ते एवढेच. आमच्याजवळ सात वर्षे एक जपानी बनावटीची मोटारसायकल होती. चार सिलिंडर, ९४८ सीसी आणि सुमारे १२५ अश्वशक्ती. ती आम्ही विकली आणि तिच्या जागी रॉयल एन्फील्डची क्लासिक ३५० घेतली. हिला सिलिंडर एक आणि अश्वशक्ती वीस. म्हणजे आमच्या पागेतले शंभरावर घोडे आम्ही एका आठवड्यात सोडून दिले. इतके घोडे नाहीसे झाल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चौकशीही करू नये, अशी अपेक्षा बाळगणे हीच चूक होय.

प्रथम आम्ही कराचे कारण पुढे केले. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या गाड्यांचा, उपकर धरून ३१ टक्के होता तो ४० वर गेला. आमची नवी गाडी ३४९ सीसीची, म्हणजे एका सीसीने का होईना, पण सरकारी कृपेच्या उंबरठ्याच्या आत. हे सर्व आम्ही कचेरीतील एका हिशेबनिसाला मोठ्या उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तुमची जुनी गाडी तर तुमच्याजवळच होती. ती ठेवायला कुठला कर पडणार होता?"

मग आम्ही गुडघ्याकडे वळलो. वय सत्तावन्न, तेव्हा गुडघ्याचे कारण कोणालाही पटावे असे. परंतु पुतण्याने आल्या आल्या भ्रमणध्वनीवर दोन आकडे पाहिले आणि म्हणाला, "काका, जुनी २१२ किलो, नवी १९५. सतरा किलोंनी गुडघ्याला असा काय आराम पडणार?" कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर आम्ही पेट्रोलचा विषय काढला. पूर्वी लिटरला वीस किलोमीटर मिळत, आता पस्तीसच्या आसपास मिळतात. तेव्हा मसाला दूध ओतता ओतता सौ. एवढेच म्हणाली, "महिन्याला चारशे किलोमीटरसुद्धा होत नाहीत यांचे. आठ-नऊ लिटर पेट्रोलसाठी माणूस एवढ्या लाडाची वस्तू विकतो होय?"

तिघांचेही म्हणणे बिनतोड होते. खरे कारण आम्ही कोणाला सांगितले नव्हते.

ते सांगण्यापूर्वी या लाडाचे मूळ सांगणे अवश्य आहे. १९८३ साली राजदूत ३५० नावाची मोटारसायकल आपल्याकडे आली. यामाहाच्या प्रसिद्ध गाडीची ही भारतीय आवृत्ती. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन आणि सुमारे तीस अश्वशक्ती. त्या वेळी आम्ही पंधरा वर्षांचे होतो आणि हुबळीस शाळेत जात होतो. गावातील एका डॉक्टरांच्या चिरंजीवांकडे ती गाडी होती. संध्याकाळी ती स्टेशनाच्या बाजूने यावयाची. प्रथम आवाज, मग गाडी आणि शेवटी निळसर धुराचा पट्टा. आम्ही सायकलीचा पाय जमिनीला टेकवून तो पट्टा विरेपर्यंत उभे राहत असू. पुढे नोकरी लागली, बंगळूरला बिऱ्हाड झाले, जुनी मोपेड आली, स्कूटर आली, मुलीचे शिक्षण झाले; तो धूर मात्र डोळ्यांतून गेला नाही. २०१८ साली, पन्नाशीत, हाती थोडा पैसा शिल्लक राहिला, तेव्हा आम्ही त्या पंधरा वर्षांच्या मुलाचे देणे चुकते केले, आणि तेही सव्याज. ज्याने तीस अश्वशक्ती मागितली होती त्याला सव्वाशे दिली.

येथे एक गंमत ध्यानात येते. ज्या गाडीसाठी आम्ही झुरलो ती ३५० सीसीचीच होती. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडियाची स्थापना होऊन बुलेट जुळविली जाऊ लागली, ती प्रामुख्याने आपल्या सैन्यासाठी. तीही ३५० सीसीची, आणि त्या काळी तिच्याहून दांडगे वाहन रस्त्यावर सहसा दिसत नसे. पुढे १९६० नंतरच्या दशकात आमच्या शेजारच्या म्हैसुरात जावा निघू लागली. ती २५० सीसीची, आणि तिच्यावर बसलेला तरुण सगळ्या पेठेत उठून दिसे. तेच ३५० सीसी आज 'मध्यम' म्हणून ओळखले जातात. तेव्हा मध्यमपणा हा वस्तूच्या अंगी नसतो; तिच्या शेजारी कोण उभे आहे, यावर तो ठरतो. आमच्या नव्या गाडीच्या शेजारी काही दिवस तिची थोरली सवत उभी होती, म्हणून ती मध्यम. एरवी हुबळीच्या त्या मुलाने तिलाही सायकलीवरून उतरून वाट दिली असती.

थोरलीची निंदा आम्ही करणार नाही. सकाळी सहा वाजता रिकाम्या रस्त्यावर तिची मूठ पिळली म्हणजे चारही दट्टे एका सुरात गाऊ लागत आणि पाठीला कोणी हलकेच हात लावून पुढे लोटावे तसे होई. परंतु हे सुख तिच्याजवळ होते त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही आमच्या वाट्याला येत नसे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलीला चौपदरी महामार्गावरही ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे आणि नगरांच्या हद्दीत ६० ची. आमची गाडी पहिल्याच गिअरमध्ये ही मर्यादा ओलांडून शंभराच्या घरात जाई. पुढचे पाच गिअर कायद्याच्या दृष्टीने निव्वळ शोभेचे. बंगळूर–म्हैसूर द्रुतमार्गाच्या मुख्य रस्त्यावर तर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना प्रवेशच बंद झाला. उरला बंगळूर शहरातील रहदारीचा रस्ता. तेथे सिग्नलमागून सिग्नल, डाव्या हाताला क्लच, उजव्या मांडीला इंजिनाची धग आणि शेजारून सुखेनैव पुढे जाणारा सायकलवाला.

म्हणून जेव्हा रस्ता मोकळा मिळे तेव्हा आम्ही सर्व थकबाकी एकदम वसूल करू पाहत असू. खरे कारण येथून सुरू होते.

जानेवारी २०२५ मधील एक रविवार. पहाटेच निघालो होतो. देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूर, बागेपल्ली मागे पडले आणि आंध्रची हद्द लागली. या हैदराबाद महामार्गावर कोडिकोंड्याच्या नाक्यापाशी लेपाक्षीचा फाटा आहे. तेथवर जाऊन चहा घ्यावा आणि परतावे, असा बेत. ऊन नुकतेच आले होते आणि पुढे एकही वाहन दिसत नव्हते. गाडीवरचा आकडा १८० झालेला आम्ही पाहिला. खोटे कशाला बोला, पाहून आनंद झाला. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. आणि त्याच सेकंदात पुढे दुभाजकाच्या खिंडीतून मेंढ्या रस्त्यावर आल्या.

वेग सव्वादोन पट झाला की गाडी थांबवण्यास लागणारे अंतर पाचपट होते, हे गणित आम्ही मुलीला शिकविलेले होते. ते स्वतः सोडविण्याची वेळ आली तेव्हा ब्रेकच्या दांड्याची बोटांखाली होणारी थरथर आणि टायरांचा करपट वास एवढेच ध्यानात राहिले. गाडी थांबली तेव्हा पुढचे चाक आणि शेवटची मेंढी यांच्यामध्ये चार हातांचे अंतर होते. मेंढीच्या पलीकडे खांद्यावर घोंगडे घेतलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. तो आम्हांला शिव्या देईल, निदान भिऊन रडेल, असे वाटले. तो गाडीकडे पाहत होता. मग त्याने हसून उजवी मूठ पुढे केली आणि ती दोनदा पिळून दाखविली. गाडीचा आवाज करून दाखवा, असे तो आम्हांला विनवीत होता.

हुबळीचा तो मुलगा आम्हांला तेथे भेटला. तो आमच्या गाडीखाली येता येता राहिला होता.

आम्ही आवाज केला नाही. गाडी ढकलीत कडेला नेली आणि हातांचा कंप जाईपर्यंत एका चिंचेखाली बसून राहिलो. गाडीचा यात काडीचा दोष नव्हता. तिने आम्हांला १८० वर नेले नव्हते, आम्ही तिला नेले होते, आणि थांबविले ते तर तिनेच. यावर कोणी म्हणेल, मग गाडी का बदलली? मनाला आवर घालावयाचा होता. आम्हीही नऊ महिने तोच प्रयत्न केला. पण ज्याला गोड वर्ज्य आहे त्याने पेढ्यांचा डबा उशाशी ठेवून झोपू नये. आठवड्यांमागून आठवडे आम्ही ८० वर चालविली आणि प्रत्येक मोकळ्या रस्त्यावर उजव्या मुठीला खाज सुटली. आपल्या मनगटावर आपला विश्वास उरलेला नाही, हे घरी कोणत्या तोंडाने सांगावे? त्यापेक्षा गुडघा बरा.

खंडेनवमीला दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या होत्या. कर्नाटकात या दिवशी आयुधपूजा असते. आमच्या गल्लीत रिक्षांपासून मोटारींपर्यंत सर्वांना झेंडू, चाकांखाली लिंबे आणि दारात कुंकू भरून फोडलेला कोहळा. सौ.ने दोघींनाही सारखेच हळदकुंकू वाहिले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, संगणकाच्या कंपनीतील एक हसतमुख मुलगा. आम्ही त्याला साखळीला तेल केव्हा घालावे, टायरांत हवा किती ठेवावी, थंडीत इंजिन किती वेळ तापू द्यावे, सर्व सांगितले. त्याने गल्लीच्या तोंडाशी मूठ पिळली. आवाज विरेपर्यंत आम्ही फाटकात उभे होतो. घसा दाटून आला होता, हे येथे लिहिण्यास आता हरकत नाही.

नवी फटफटी मात्र मोठी समजूतदार निघाली. तिच्या लांब पल्ल्याच्या दट्ट्याला घाई ठाऊक नाही. परंतु मंद गतीतही ओढ चांगली, त्यामुळे रहदारीत गिअर फारसे बदलावे लागत नाहीत. जवळ असलेले वीसही घोडे रोज कामाला जुंपलेले असतात; एकही बसून खात नाही. नंदी डोंगराच्या चढावर घरपोच जेवण नेणाऱ्या एका पोराने आम्हांला मागे टाकले, तेव्हा काळजात बारीकशी कळ आली, हेही खरे. आणि सर्वांत मोठा लाभ म्हणजे मागचे आसन. थोरलीवर सौ. २०१८ साली एकदाच बसली होती. "अहो, हे आसन आहे की पाट उभा करून ठेवलाय?" असे म्हणून जी उतरली, ती पुन्हा चढली नाही. नव्या गाडीवर ती स्वतःचे शिरस्त्राण घेऊन आपण होऊन येऊन बसली.

नोव्हेंबरात आम्ही दोघे लेपाक्षीस गेलो. ताशी सत्तरच्या पुढे काटा गेला नाही. दोन्ही बाजूंना भुईमुगाची काढणी चालली होती. सात वर्षांत आम्हांला न दिसलेले एक तळे सौ.ने पाठीमागून खांद्यावर थाप मारून दाखविले. दुभाजकाच्या त्या खिंडीपाशी आम्ही गाडी कडेला घेतली आणि चिंचेखाली तिला सर्व सांगितले. मेंढ्या, चार हात, ती मूठ. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"त्या मुलाला सांगितलंत?"

"अगं, त्याला कशाला सांगायचं? त्यानं तर सगळं पाहिलंच."

"त्याला नव्हे हो. गाडी नेली त्याला."

आम्ही निरुत्तर झालो. साखळीचे तेल सांगितले होते, टायरांतील हवा सांगितली होती. एवढे एक सांगावयाचे राहिले होते. राहिले कसले, राहू दिले होते.

लेपाक्षीस गावाबाहेर एका अखंड शिळेतून कोरलेला, सुमारे २७ फूट लांब आणि १५ फूट उंच असा प्रचंड नंदी आहे. गळ्यात घंटांच्या माळा, मान उंच आणि पाय दुमडून स्वस्थ बसलेला. त्याच्या सावलीत उभे राहून आम्ही त्या मुलाला दूरध्वनी केला. गाडी कशी आहे ते विचारले. "फारच सुंदर, सर," तो म्हणाला. मग आम्ही त्याला जानेवारीतील रविवार सांगितला. आकडा लपविला नाही. तो मधे बोलला नाही. शेवटी अत्यंत नम्रपणे म्हणाला, "हो सर. मी सांभाळून चालवतो, सर."

ते 'हो सर' आमच्या चांगल्या ओळखीचे होते. वडीलधाऱ्यांना आम्हीही ते याच स्वरात म्हणत आलो होतो. सौ.ने विचारले, "काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"पुढच्या महिन्यात पुन्हा करा," ती म्हणाली आणि शिरस्त्राण डोक्यावर चढवून गाडीकडे निघाली.